संघ गेला, आठवण राहिली, पण कुणाकुणाची?

मागच्या ईदला भाचा अमेरिकेहून आला, तेव्हा माझ्यासाठी एक टोपी घेऊन आला. गडद निळी, पुढे पांढऱ्या धाग्यात 'बी' हे इंग्रजी अक्षर भरलेलं. मी ती खुंटीवर माझ्या नमाजाच्या टोपीशेजारी अडकवली आणि सहज विचारलं, "हा संघ कसा खेळतोय सध्या?" तो हसला. म्हणाला, "मामू, हा संघ तिथं आता नाहीच. १९५७ सालीच गाव सोडून गेला."

मग ही टोपी अजून कोण विकतं आणि कोण विकत घेतं? या एका प्रश्नापायी मी महिनाभर बेसबॉलबद्दल वाचत बसलो. त्या खेळातलं मला आजही फारसं कळत नाही. पण गेलेल्या गोष्टीची आठवण जपणारी माणसं कळतात, कारण मी तशाच घरात वाढलो. गेलेल्या दिवसांच्या गोष्टी आमच्याकडे जेवणाबरोबर वाढल्या जायच्या.

संघाचं नाव ब्रुकलिन डॉजर्स. ब्रुकलिन हे एकेकाळी स्वतंत्र शहर होतं. १८९८ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झालं आणि मोठ्या शहराचा एक भाग होऊन राहिलं. रस्त्यांवर ट्रामचं जाळं होतं. ट्राम चुकवत रस्ता ओलांडणाऱ्या ब्रुकलिनकरांना थट्टेनं 'ट्रॉली डॉजर्स' म्हणत, म्हणजे ट्राम चुकवणारे. तेच नाव संघाला चिकटलं. महापालिका गेली, पण संघ होता. त्यामुळे 'आम्ही ब्रुकलिनचे' असं म्हणायला जागा होती.

१९१३ मध्ये त्यांचं एबेट्स फील्ड हे मैदान सुरू झालं. जागा अडचणीची, बसायची सोय जेमतेम ३२ हजारांची. याच मैदानावर १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन उतरला आणि अमेरिकेच्या मुख्य बेसबॉलमध्ये काळ्या खेळाडूंवर अनेक दशकं असलेली अघोषित बंदी मोडली. संघ चांगला होता, पण अंतिम मालिकेत शेजारच्या यांकीजकडून हरायचा. १९४१, १९४७, १९४९, १९५२, १९५३ अशी पाच वेळा हार. 'पुढच्या वर्षी बघू' हे चाहत्यांचं पालुपद झालं होतं. अखेर ४ ऑक्टोबर १९५५ रोजी त्यांनी यांकीजला हरवलं. ब्रुकलिनला मिळालेलं ते पहिलं आणि शेवटचं जगज्जेतेपद.

दोनच वर्षांनी मालक वॉल्टर ओ'मॅली संघ घेऊन लॉस एंजेलिसला गेले. त्यांना ब्रुकलिनमध्येच नवं मैदान बांधायचं होतं, पण हवी ती जागा मिळवून द्यायला न्यूयॉर्कचे सर्वशक्तिमान अधिकारी रॉबर्ट मोझेस तयार नव्हते. दोष मालकाचा की अधिकाऱ्याचा, हा वाद तिथं अजून मिटलेला नाही. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला. १९६० मध्ये मैदान पाडायला जो लोखंडी गोळा आणला, तो बेसबॉलच्या चेंडूसारखा रंगवलेला होता. जागेवर निवासी इमारती उभ्या राहिल्या, आणि जिथं रॉबिन्सन खेळला तिथं 'चेंडू खेळण्यास मनाई' अशी पाटी लागली.

कायद्याच्या भाषेत संघ मालकाचा असतो. नाव, करार, खेळाडू, सगळी कागदपत्रं त्याच्या कपाटात. लॉस एंजेलिसला जाताना ओ'मॅलींनी नावसुद्धा नेलं, पण ज्या रस्त्यांवरून ते नाव आलं ते रस्ते नेता आले नाहीत. ब्रुकलिनच्या माणसांनी नेमकं हेच धरून ठेवलं. बापानं मुलाला, मुलानं नातवाला सांगितलं. १९६२ मध्ये न्यूयॉर्कला मेट्स हा नवा संघ मिळाला, तेव्हा त्याच्या रंगांत डॉजर्सचा निळा घेतला गेला. २००९ मध्ये मेट्सचं नवं मैदान झालं; त्याचा दर्शनी भाग एबेट्स फील्डच्या धर्तीवर बांधला आणि प्रवेशाच्या दालनाला जॅकी रॉबिन्सनचं नाव दिलं. ब्रुकलिनच्या समुद्रकाठी, कोनी आयलंडला, रॉबिन्सन आणि त्याच्या खांद्यावर हात टाकलेला गोरा सहकारी पी वी रीझ यांचा पुतळा आहे. तो २००५ मध्ये उभारला, संघ जाऊन ४८ वर्षं झाल्यावर.

काही लोक याला रिकामटेकडेपणा म्हणतात. मी म्हणत नाही. ज्याच्या हातात कागद नाही, त्याच्या हातात आठवणच असते. ती जपणं हा त्याचा हक्क आहे, आणि मालकाला एवढं तरी कळतं की इथं आपण काही तोडून गेलो. आठवणीला एक खोड मात्र असते, आणि ती मला माझ्या घरातूनच ठाऊक आहे. सांगता सांगता ती गोड होत जाते. त्या शेवटच्या सामन्याला एबेट्स फील्डवर फक्त ६,७०२ लोक होते. पुढे किती जणांनी 'मी तिथं होतो' असं सांगितलं असेल, देव जाणे. रिकाम्या खुर्च्या आठवणीत उरत नाहीत.

तरीही मला खरी खटकलेली गोष्ट वेगळी आहे. संघ कुठून गेला हे सगळे सांगतात. तो ज्या जमिनीवर जाऊन बसला, तिथं आधी कोण होतं?

लॉस एंजेलिसमध्ये टेकड्यांच्या कुशीत चावेझ रवीन नावाचा भाग होता. पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या, बहुतेक मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबं. स्वतःची घरं, शाळा, चर्च, परसात कोंबड्या. १९५० मध्ये त्यांना सरकारी पत्रं आली: इथं सार्वजनिक घरकुल योजना होणार आहे, जागा सोडा, नव्या घरांत पहिला हक्क तुमचा. शेकडो कुटुंबं निघून गेली. मग राजकारण फिरलं. अशी योजना म्हणजे साम्यवाद अशी ओरड झाली आणि १९५३ मध्ये ती गुंडाळली गेली. घरं गेली ती गेलीच. रिकामी जमीन शहराकडे आली आणि पुढे शहरानं ती डॉजर्सना देऊ केली. ८ मे १९५९ रोजी शेवटी उरलेल्यांपैकी अरेचिगा कुटुंबाला पोलिसांनी उचलून बाहेर काढलं आणि बुलडोझरनं घर पाडलं. टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. १० एप्रिल १९६२ रोजी तिथं डॉजर स्टेडियम सुरू झालं.

इथं न्यायानं बोललं पाहिजे. बहुतेक कुटुंबं डॉजर्स यायच्या आधीच उठवली गेली होती आणि पहिलं वचन मोडलं ते सरकारनं. ब्रुकलिनच्या चाहत्यांचा तर यात काडीचाही दोष नाही. पण या दोन गोष्टी एकाच जमिनीच्या व्यवहारानं बांधल्या गेल्या आहेत, आणि त्यातली एकच जगभर सांगितली जाते. ब्रुकलिननं गमावला तो संघ; त्यावर पुस्तकं आली, पुतळा झाला, टोप्या निघाल्या. चावेझ रवीननं घरं गमावली. तिथले जुने रहिवासी स्वतःला 'लोस देस्तेरादोस' म्हणवतात, म्हणजे मुळासकट उखडलेले. स्टेडियमला लागून असलेल्या एलिशियन पार्कमध्ये ते वर्षातून एकदा जमतात, सोबत जेवतात, कुणाचं घर कुठं होतं ते मुलांना सांगतात.

१९८१ मध्ये फर्नांडो व्हॅलेन्झुएला हा मेक्सिकोचा तरुण पिचर डॉजर्सकडून असा काही खेळला, की शहरातला मेक्सिकन समाज त्या स्टेडियमकडे लोटला. काहींची जखम त्यानं भरली. काहींनी त्या दारात कधीच पाऊल टाकलं नाही. दोघांचंही मला पटतं. माफ करायचं की नाही, हे ज्याचं घर गेलं तोच ठरवेल.

माझं म्हणणं एवढंच. आठवण जपणाऱ्यानं आपल्या नुकसानीचा हिशोब जरूर ठेवावा, पण वहीचं शेवटचं पान शेजाऱ्यासाठी कोरं सोडावं. नाहीतर आठवण ही नुसती तक्रार होऊन बसते, आणि तक्रार करणाऱ्याला दुसऱ्याचं रडणं ऐकू येत नाही. हे मी ब्रुकलिनला शिकवायला निघालेलो नाही. आमच्या घरातल्या जेवणाच्या गोष्टींतही आम्ही काय गमावलं तेच असायचं. आमच्यामुळे किंवा आमच्या सोयीसाठी कुणी काय गमावलं, हे वाढताना मी कधी ऐकलं नाही, आणि विचारलंही नाही. आता सांगणारी माणसं थोडीच उरलीत, म्हणून विचारायला सुरुवात केली आहे.

परवा भाच्याला फोन केला. म्हटलं, पुढच्या खेपेला चावेझ रवीनची टोपी मिळाली तर घेऊन ये. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मामू, तो काही संघ नव्हता. त्यांची कुठली आलीय टोपी?"

ब्रुकलिनची टोपी अजून खुंटीवर आहे. घरी कुणी तिच्याबद्दल विचारलं, तर मी आता दोन्ही गोष्टी सांगतो.