शिधापत्रिकेवरचे बारीक अक्षर

सीमाभागातल्या कोणत्याही खेड्यात जावे आणि पाणवठ्यावरच्या बायकांना विचारावे, 'गृहलक्ष्मी' म्हणजे काय? उत्तर तत्काळ मिळते. 'अन्नभाग्य' विचारा, 'गृहज्योती' विचारा, 'शक्ती' विचारा, सगळ्यांची उत्तरे तयार असतात. ही नावे संस्कृतातून आलेली, कानडी माणसाची जेवढी तेवढीच आमची. त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट झाली आहे. योजनेचे नाव आमच्या माणसाला कळते आणि नाव कळले म्हणजे योजना कळली, असे तो समजतो. नावाखालचा मजकूर मात्र कन्नडात असतो. कोणाला मिळणार, कोणाला नाही, कोणता कागद कधीपर्यंत द्यायचा, नाव चुकले तर कोठे जायचे, हे सारे त्या बारीक अक्षरात असते आणि ते वाचण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही.

गेल्या पावसाळ्यात समितीच्या कामासाठी एका गावी गेलो होतो. ज्या घरी चहाला बसलो, तेथील म्हातारी वर्षापूर्वी वारलेली. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून तिचेच नाव होते आणि गृहलक्ष्मीचे महिना दोन हजार तिच्याच खात्यावर येत असत. ती गेली, पैसे थांबले. सुनेला आम्ही सहज विचारले तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, ते सरकारनं बंद केलंय की." हप्ते कधी कधी उशिरा येतात हे सर्वांनाच ठाऊक, म्हणून आधी काही महिने वाट पाहिली आणि मग योजनाच बुडाली असे घरच्यांनी धरून चालले. प्रत्यक्षात योजना चालू होती. मृत्यूचा दाखला देऊन कार्डावरचे प्रमुखाचे नाव बदलायचे आणि नव्या नावाने अर्ज करायचा, एवढेच काम होते. तशी सूचना देणारा कागद महिनोन्महिने रेशन दुकानाच्या भिंतीवर डकवलेला होता. दर महिन्याला ती सून त्या कागदाखाली उभी राहून अंगठा देत होती! चौदा महिन्यांचे अठ्ठावीस हजार झाले. मागचे मिळणार की नाही, याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

तो कागद आम्हाला कोणी वाचून दाखवला असेल? त्याच घरातल्या सातवीतल्या मुलीने. मराठी शाळेत ती कन्नड विषय शिकते. अडखळत, पण बिनचूक वाचला. तिला आजवर कोणी वाचायला सांगितलाच नव्हता.

आमच्या लोकांची समजूत अशी, की रेशन कार्ड म्हणजे तांदूळ. ही समजूत आता जुनी झाली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य ठरवून दिले. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले आणि जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे ते मोफतच राहील, असे केंद्राने जाहीर केलेले आहे. कर्नाटक सरकारने त्यावर आपली भर घातली. जुलै २०२३ पासून जादा ५ किलोच्या बदल्यात माणशी १७० रुपये खात्यावर आले आणि फेब्रुवारी २०२५ पासून रोखीऐवजी तांदूळ देण्यात आला. येथवरचे सर्वांना माहीत आहे, कारण ते तराजूत दिसते. जे तराजूत दिसत नाही त्याची गोष्ट वेगळी.

आजाराचेच पाहा. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक या योजनेत बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएल कार्ड असले तरी ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत, सरकार भरते. मात्र तातडीचा प्रसंग सोडला तर मोठ्या उपचारासाठी आधी सरकारी दवाखान्यात दाखवून तेथून पुढच्या इस्पितळासाठी शिफारसचिठ्ठी घ्यावी लागते. ही एक ओळ न कळल्यामुळे काय होते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दुखणे वाढले की माणूस सरळ गाडी करून बेळगावच्या किंवा मिरजेच्या खासगी इस्पितळात जातो, दावणीची म्हैस जाते, सोसायटीचे कर्ज होते आणि मग कोणीतरी विचारतो, "कार्ड दाखवलं न्हवतं काय?" कार्ड घरी देव्हाऱ्यामागे असते. देवाजवळ ठेवले की कागद सुरक्षित राहतो हे खरे, पण तो उपयोगी पडतोच असे नाही.

गृहलक्ष्मीविषयीही एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ही योजना फक्त बीपीएलवाल्यांची नव्हे. अंत्योदय, बीपीएल, एपीएल या तिन्ही प्रकारच्या कार्डांवर जी स्त्री प्रमुख म्हणून नोंदलेली आहे, तिला हे पैसे मिळतात. ती किंवा तिचा नवरा आयकर वा जीएसटी भरणारा मात्र नसावा. घरात दोन-तीन बायका असल्या तरी एकीलाच. एपीएल कार्ड म्हणून अर्जच न केलेली घरे आमच्या माहितीत आहेत आणि त्यात एक घर आमच्याच शिक्षकी पेशातल्या नातलगाचे आहे, हे लाजेने सांगावे लागते.

गॅसचेही तसेच. उज्ज्वला जोडणीवर ऑक्टोबर २०२३ पासून सिलिंडरमागे ३०० रुपये खात्यावर परत येऊ लागले. खाते आधारशी जोडलेले नसेल तर ते येत नाहीत आणि बाई समजते की एजन्सीवाल्याने खाल्ले. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला अर्जाची फी माफ केलेली आहे. म्हणजे आपले कार्ड का अडले, हे तो फुकट विचारू शकतो. ही सवलत वापरलेला एकही मनुष्य आम्हाला आजवर भेटला नाही. गंमत अशी की हा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. मराठी त्यात बसत नाही, पण हिंदी बसते. देवनागरीच आहे, तेव्हा आमच्या माणसाला जड जाऊ नये.

खानापूर तालुक्यातून मोलमजुरीला गोव्यात जाणाऱ्यांची संख्या काही थोडी नाही. महिना-दोन महिने गावी येणे होत नाही, तेव्हा धान्य बुडते अशी त्यांची तक्रार असते. 'एक देश एक रेशन कार्ड' ही व्यवस्था २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली. मडगावच्या रेशन दुकानातही खानापूरच्या कार्डावर केंद्राच्या वाट्याचे धान्य उचलता येते, निम्मे तेथे आणि निम्मे येथे घरच्यांनी, असेही करता येते. राज्याची जादा भर तेवढी परराज्यात मिळत नाही. या व्यवस्थेसाठी केंद्राने मार्च २०२१ मध्ये 'मेरा राशन' नावाचे मोबाइल ॲप काढले, ते १३ भाषांत होते आणि त्यात मराठी होती. दिल्लीला आमची भाषा छापता आली. आमच्याच गावच्या दुकानावरचा फलक लिहिणाऱ्याला ती का येऊ नये?

नोव्हेंबर २०२४ मध्ये काय झाले, ते वाचकांना आठवत असेलच. उत्पन्न १ लाख २० हजारांच्या वर आहे, कर भरला आहे, अशा कारणांनी राज्यभर बीपीएल कार्डे रद्द झाली किंवा एपीएलमध्ये टाकली गेली. ओरड झाल्यावर सरकारी नोकर आणि करदाते वगळता इतरांची कार्डे पूर्ववत करण्याचे आदेश निघाले. कार्ड गेले त्या दिवशी नुसता तांदूळ गेला नव्हता. पाच लाखांचे उपचार ३० टक्क्यांवर आले होते. त्या आठवड्यात आमच्याकडे आलेल्या बहुतेकांना कार्ड का गेले हेच ठाऊक नव्हते, कारण कारण कन्नडात होते. ज्यांना वाचता आले ते दुसऱ्याच दिवशी कागद घेऊन तालुक्याला पोचले. ज्यांना वाचता आले नाही ते पुढच्या महिन्यात दुकानावर गेले तेव्हा त्यांना कळले.

आता मुद्द्याचे. अशी तक्रार घेऊन गेले की अधिकारी एक ठराविक वाक्य ऐकवतात: "कन्नड शिका, प्रश्नच मिटला." आम्ही जन्मभर शाळामास्तर आहोत. कोणी काही शिकू नये असे आम्ही कधी म्हणणार नाही, आणि आमच्या शाळांतून मुले कन्नड शिकतच आहेत. परंतु चौथी मराठी शिकलेल्या साठीच्या बाईला पोटाची सवलत मिळण्यासाठी आधी भाषेची परीक्षा द्या म्हणणे, हा कोठला न्याय? मराठी कागद मागणे ही कृपेची याचना नव्हे. आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला दिलेला आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० ब कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमला गेला. ज्या जिल्ह्यात, तालुक्यात वा नगरपालिकेत अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक असतील, तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, हे मान्य झालेले तत्त्व आहे. खानापूर तालुक्यात १५ टक्क्यांचा हिशेब करायला पाटी-पेन्सिलही लागत नाही. आयुक्तांच्या शिफारशी राज्यावर बंधनकारक नाहीत, येथेच घोडे पेंड खाते. २०२४ च्या दुरुस्तीने फलकांवर ६० टक्के कन्नड असावे असे ठरले. असू द्या. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी लिहू नका, असे त्या कायद्यात आम्हाला कोठे दिसले नाही. राज्याची भाषा कन्नड राहूनही रेशन दुकानाच्या भिंतीवर त्याच कागदाची मराठी प्रत लागू शकते. आमची मागणी तूर्त एवढीच आहे, आणि ती आम्ही तहसीलदारांकडे व पंचायतीच्या पीडीओंकडे गावागावांच्या सह्यांनिशी देणार आहोत. एक पान, ठळक अक्षर, दर महिन्याला बदललेले.

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. त्या निर्णयाचे आम्ही स्वागतच केले. पण जे आमच्या नावावर येथेच लिहिलेले आहे, ते तिकडून काही आले म्हणून सोडून देणे शहाणपणाचे नाही. आमच्यातले काही जुने कार्यकर्ते खासगीत विचारतात, की कर्नाटकाच्या योजनांचा असा पाठपुरावा केल्याने आपल्या दाव्याला बाधा येत नाही का? महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा मराठी माणसाने तांदूळ नाकारल्याने बळकट होणार नाही आणि दवाखान्याची चिठ्ठी घेतल्याने कमकुवतही होणार नाही. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांनी आपली भाषा मागितली होती. घरातल्या बाईने उपाशी राहावे असे त्यांनी म्हटले नव्हते.

आणि थोडे स्वतःविषयी. १ नोव्हेंबरला काळी फीत बांधून आम्ही फेरीत असतो, १७ जानेवारीला हुतात्म्यांना वंदन करतो, निवेदनाचा मसुदा तर झोपेतही लिहू. पण रेशन दुकानाच्या भिंतीवरचा कागद मराठीत उतरवून त्याच्या शेजारी डकवावा, हे आम्हा शिकलेल्यांपैकी एकालाही इतक्या वर्षांत सुचले नाही. त्याला मोर्चा लागत नाही. एक कोरा कागद आणि थोडी खळ लागते. सरकारने छापायला हवे ही मागणी कायम ठेवूनच म्हणतो, तोवर अठ्ठावीस हजार बुडू देण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

म्हणून समितीने ठरवले आहे, की धान्यवाटपाच्या दिवसांत दुकानाजवळच्या देवळात किंवा समाजमंदिरात आमच्यापैकी दोघे जण सकाळी नऊपासून बसतील. येताना शिधापत्रिका, घरातल्या सर्वांची आधार कार्डे आणि कार्डावरच्या प्रमुख स्त्रीचे बँकेचे पासबुक आणावे. आधारवर आणि कार्डावर नावाचे स्पेलिंग वेगळे असेल तर ते आधी सांगावे, सर्वांत जास्त अर्ज तेथेच अडतात. घरात कोणी वारले असेल तर दाखला आणावा. कार्ड अडले असल्यास १९६७ या फुकट क्रमांकावर फोन कसा करायचा, तेही तेथेच दाखवू. घरात पाचवी ते दहावीचे मूल असेल तर त्यालाही बरोबर आणावे, त्या दिवशी शाळेला थोडा उशीर झाला तर चालेल, आम्ही मुख्याध्यापकांशी बोललो आहोत. भिंतीवरचा कागद त्यानेच वाचायचा आणि आम्ही तो मराठीत लिहून घ्यायचा.