संगणक अडतो, तेव्हा गावही अडते

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले आणि त्यांपैकी बहुतेक पुन्हा सुरूच होईनात. ‘क्राउडस्ट्राइक’ या अमेरिकी सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी धाडलेली एक सदोष फाइल त्यास कारणीभूत ठरली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. देशात विमानसेवा विस्कळीत झाली आणि काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

वस्तुतः दुरुस्ती अवघड नव्हती. संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून ती फाइल पुसून टाकणे एवढेच काम होते. परंतु जो संगणक सुरूच होत नाही, त्याला दुरून आज्ञा देता येत नाही. त्यामुळे बहुतेक ठिकाणी संगणकापुढे माणूस बसवावा लागला. जेथे हार्ड डिस्कला ‘बिटलॉकर’चे कुलूप होते, तेथे ४८ अंकी किल्ली हाती असल्याखेरीज पुढे जाता येईना.

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेडसारख्या गावाला हे सारे दूरचे वाटेल. पण धडा तेथेच अधिक लागू पडतो. ग्रामपंचायती संगणकाला जोडण्याचे काम राज्यात २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाने केले. २०१६ पासून ती जबाबदारी ‘आपले सरकार सेवा केंद्रा’कडे आली. दाखले आणि उतारे आता पडद्यावरून निघतात. विमानतळावर एक संगणक अडला तर शेजारचा चालतो. गावात मात्र तो बहुधा एकच असतो. तो अडला, की रोजगार बुडवून आलेल्या शेतकऱ्याला रिकाम्या हाताने परतावे लागते.

अशा वेळी सरसकट ‘संगणक बिघडला’ म्हणून तो तालुक्याला पाठविणे हा उपाय नव्हे. बटन दाबूनही दिवा लागत नसेल, तर आधी वीजजोडणी आणि एसएमपीएस तपासावा. पंखा फिरतो, बीप वाजते, पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी रॅम काढून, पुसून नीट बसविल्याने अनेकदा काम भागते. बोधचिन्ह दिसून गाडी तेथेच अडत असेल, तर दोष हार्ड डिस्कमध्ये वा विंडोजमध्ये शोधावा. एवढे ज्ञान केंद्रचालकाला एका दिवसाच्या प्रशिक्षणात देता येईल.

किल्लीचा प्रश्न मात्र याहून नाजूक आहे. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुने संगणक बदलले जात आहेत. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या नव्याने बसविल्यास अनेक संगणकांवर हे कुलूप आपोआप लागते आणि किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक प्रथम सुरू केला, त्या खात्यात जमा होते. ते खाते विक्रेत्याचे असेल वा काम सोडून गेलेल्या चालकाचे असेल, तर संगणक कार्यालयाचा आणि किल्ली परक्याची, असा प्रकार व्हायचा. शहरातील घरे आणि छोटी कार्यालयेही याला अपवाद नाहीत.

तेव्हा खाते कार्यालयाच्या नावे असावे, किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवावी, आणि संगणक बंद असताना अर्ज हस्तलिखित नोंदवहीत घेऊन त्याची पोच द्यावी, हे तीन दंडक शासनाने घालून देणे अगत्याचे आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने नागरिकाला ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा अधिकार दिला आहे. यंत्र अडले म्हणून ती मुदत लांबता कामा नये.