पूजा शस्त्राची, की बेफिकिरीची?

नवरात्राची नववी माळ चढली की महाराष्ट्रातील घराघरांत खंडेनवमीची लगबग सुरू होते. शेतकरी कोयता-कुदळ धुतो, सुतार करवत-रंधा मांडतो आणि ज्यांच्या घरी पिढीजात तलवार किंवा परवान्याचे पिस्तूल आहे, ते ती पाटावर ठेवून हळदकुंकू वाहतात. ही परंपरा तेजाची आहे. तिचा अभिमान सांगताना आम्हाला कधी संकोच वाटला नाही आणि पुढेही वाटणार नाही. परंतु त्याच पाटावर मांडलेल्या पिस्तुलाविषयी एक अप्रिय प्रश्न आज विचारणे भाग आहे. ते रिकामे आहे, हे शेवटचे कोणी आणि केव्हा पाहिले?

काही वर्षांपूर्वी एका परिचितांकडे खंडेनवमीच्या दिवशी जाण्याचा योग आला. पाटावर पिस्तूल, समोर निरांजन, भोवती मुलेबाळे. नळीचे तोंड नेमके त्या मुलांच्या रोखाने. सहज विचारले, तेव्हा गृहस्थ हसून म्हणाले, "रिकामेच आहे!" मॅगझिन मागच्याच आठवड्यात काढून ठेवले होते, एवढाच त्यांच्या खात्रीचा आधार. आग्रह केला म्हणून त्यांनी स्लाइड मागे ओढली आणि चेंबरमधील एक जिवंत काडतूस उडून फुलांच्या परडीत पडले. घरातील माउली क्षणभर जागच्या जागी थिजल्या. त्या वर्षी देवीने सांभाळले. दर वर्षी तिनेच का सांभाळावे?

शस्त्रपूजनाचा विषय निघाला की आमच्याकडील स्वयंघोषित पुरोगाम्यांना कंठ फुटतो. शस्त्र म्हणजे हिंसा आणि त्याचे पूजन म्हणजे हिंसेचे उदात्तीकरण, हे त्यांचे ठरलेले पालुपद. त्यांना उत्तर देणे अवघड नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे हातात केवळ लाठी घेऊन कसाबच्या रायफलीला भिडले. त्या हौतात्म्यापुढे देश नतमस्तक झाला. पण लाठीनेच रायफलीचा सामना करण्याची वेळ आपल्या रक्षकांवर का यावी, हा प्रश्न शस्त्राला नाक मुरडणाऱ्या या विद्वानांनी कधी स्वतःला विचारला काय? समाजाला शस्त्राचे भान नसले म्हणजे काय होते, हे त्या रात्रीने दाखवून दिले.

मात्र आज लेखणी उचलली आहे ती त्यांच्यासाठी नव्हे. ती उचलली आहे आपल्यातल्याच काही मंडळींसाठी. वरातीत हवेत बार काढणारे, कमरेचे पिस्तूल चारचौघांत काढून दाखवणारे, भ्रमणध्वनीवर शस्त्रासह छबी झळकवणारे हे वीर शस्त्राची प्रतिष्ठा वाढवत नाहीत, धुळीस मिळवतात. पुरोगाम्यांच्या टीकेला दारूगोळा पुरवतात तो हेच लोक! ज्याला आपले शस्त्र सुरक्षितपणे रिकामे करून, सुटे करून, पुसून पुन्हा जोडता येत नाही, त्याने त्याला कुंकू लावण्याचा अधिकार गमावला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा स्वभाव समजून घेतला की हे मत कठोर वाटणार नाही. गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधील नवे काडतूस चेंबरमध्ये सरकवते. म्हणून मॅगझिन काढल्याने पिस्तूल रिकामे होत नाही. चेंबरमधील काडतूस तेथेच राहते. याच्या उलट, आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढणारा तर अधिकच फसतो. एक काडतूस बाहेर पडलेले त्याला दिसते, परंतु त्याच ओढीने दुसरे आत गेलेले दिसत नाही. अपघातांची मुळे या दोन चुकांत आहेत.

म्हणून क्रम मोडायचा नाही. नळीचे तोंड कोणाच्याही दिशेने नाही आणि बोट चापाबाहेर, ही पहिली अट. मग मॅगझिन काढायचे. मग स्लाइड पूर्ण मागे ओढून तशीच अडकवायची. मग उजेडात चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. नजर हटली, कोणी हाक मारली, तर पुन्हा पहिल्यापासून. सर्व काडतुसे दुसऱ्या खोलीत गेल्यावरच साफसफाईला हात घालायचा. काही पिस्तुले सुटी करण्यापूर्वी चाप ओढावाच लागतो; तेथे ही तपासणी चुकली तर दुरुस्तीला दुसरी संधी मिळत नाही.

आपल्या सेनादलांच्या आणि पोलिसांच्या परिचयाचे, इशापूरच्या कारखान्यात बनलेले 9 मिलिमीटरचे पिस्तूल हे 1935 च्या ब्राउनिंग हाय-पॉवरचे भारतीय रूप. मूळच्या ब्राउनिंगमध्ये मॅगझिन काढल्यावर चाप निकामी व्हावा, अशी योजना आहे. योजना चांगली, पण तिच्यावर विसंबणे घातक. कारण मॅगझिन परत बसवताच चेंबरमधील विसरलेले काडतूस पुन्हा जागे होते आणि अन्य अनेक पिस्तुलांत ही योजना मुळातच नसते. हे पिस्तूल सुटे करताना रिकामी केलेली स्लाइड मागे ओढून सेफ्टीच्या खाचेत अडकवतात, स्लाइड रोखणारी खीळ उजवीकडून दाबून डावीकडे काढतात आणि मग स्लाइड हाताने आवरत पुढे सरकवून वेगळी करतात. स्प्रिंग आणि नळी त्यानंतर निघते. नळी शक्यतो मागच्या बाजूने पुसावी, तेलाचा हात हलका असावा आणि खोबरेल किंवा तूप तर कदापि लावू नये. ते काही दिवसांतच चिकट होते. ओल्या कुंकवाचा थर आणि अभिषेकाचे पाणी हे पोलादाचे वैरी आहेत, हेही भाविकांनी ध्यानात ठेवावे. प्रत्येक बनावटीची रीत निराळी. तिची पुस्तिका आणि जाणता शिक्षक यांना पर्याय नाही.

ही शिस्त पाश्चात्त्यांकडून उसनी घेण्याचे कारण नाही. शिवछत्रपतींनी चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात, जळती वात उंदराने नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाईने इशारा दिला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूचे कोठार वस्तीपासून दूर असावे, दारूगोळा ठरावीक दिवसांनी बाहेर काढून त्याला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोरबंद करून ठेवावा, अशी व्यवस्था घालून दिली आहे. स्वराज्य तलवारीच्या पात्यावर उभे राहिले हे खरे, पण ते टिकले या दक्षतेवर. धर्मवीर डॉ. मुंजे यांनी 1937 मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा उभारली, तीही मुलांना बंदूक मिरवायला शिकवण्यासाठी नव्हे, अनुशासन शिकवण्यासाठी.

इंग्रजांनी 1878 च्या कायद्याने आपल्याला निःशस्त्र केले आणि गोऱ्यांना मोकळे सोडले. तो अपमान होता. स्वतंत्र भारताने 1959 चा कायदा केला. 2016 च्या नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक ठरवले. 2019 च्या दुरुस्तीने आनंदोत्सवातील बेदरकार गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. हा कायदा परक्यांचा नाही, आपला आहे. मग प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र ओळखीपाळखीने, कागदोपत्री मिळवण्यात कसला आला पराक्रम? ती फसवणूक सरकारची नाही, स्वतःच्या लेकरांची आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईतील एका नामांकित अभिनेत्याच्या पायात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली, हे वृत्त आपण सर्वांनी वाचले. जे त्याच्या घरी घडले, ते आपल्या घरी घडणार नाही, याची हमी काय?

तेव्हा आमची मागणी साधी आहे. सामूहिक शस्त्रपूजन असो वा घरचे, आरतीपूर्वी एका जाणत्याने, दुसऱ्याच्या साक्षीने, प्रत्येक शस्त्र रिकामे असल्याची खात्री करावी. सैन्यात आणि छात्रसेनेत 'जाँच शस्त्र' हा आदेश निघतो, तोच आपल्या पूजेचा पहिला मंत्र व्हावा. ज्याला ही तपासणी अपमानास्पद वाटते, त्याचे शस्त्र पाटावर घेऊ नये, मग तो कितीही मोठा कार्यकर्ता असो.

आणि घरातील माउलींनीही यंदा एवढे करावे. पूजेचे तबक हाती देण्यापूर्वी विचारावे, "चेंबर पाहिले का?" उत्तर 'रिकामेच आहे' असे आले, तर तबक खाली ठेवावे. 'पाहिले, तुम्हीही पाहा' असे आले, तरच ओवाळावे.