हळदीचा डाग आणि ॲसिडचा थेंब

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. साबण आम्लारीधर्मी, लिंबू आम्ल. दोघे एकमेकांचा जोर मोडतात, हेच उदासिनीकरण. परवा हे शिकवताना एका मुलीने विचारले, "आपा, अम्मीच्या हातावर फरशीचे ॲसिड उडाले तर सोडा चोळायचा ना?"

नाही बेटा! उदासिनीकरणात उष्णता निघते. भाजलेली कातडी आणखी पोळते. हात लगेच नळाखाली धरा, बांगड्या काढा आणि निदान 20 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. पाणी ॲसिड पातळ करते, वाहून नेते, उष्णताही शोषते. डोळ्यात उडाले तर डोळाही असाच धुऊन तडक डॉक्टरांकडे जा.

ईदच्या साफसफाईआधी घरात सर्वांना हे सांगून ठेवा.