कुत्र्यासकट येळवस

इंग्लंडमधली दहा-बारा जणांची टोळी खेड्यातलं एक अख्खं घर आठवड्यासाठी भाड्याने घेते आणि कुत्रंही सोबत नेते. तिकडे हा चांगला चालणारा धंदा आहे. मंडळी, लातूरकराला यात काय नवल? मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, आपलं अख्खं शहर शेतात असतं. कडब्याची खोप, चुना लावलेले पाच पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. ज्याचं शेत नाही त्यालाही कोणीतरी बोलावतंच. ग्रुप हॉलिडेचा शोध आपण फार आधी लावलाय, फक्त बिल लावलं नाही!

प्रश्न आहे तो कुत्र्याचा.

पुण्यात-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरात आता लॅब्रॅडॉर असतो, बीगल असतो. गावी यायचं तर त्याचं काय? रेल्वेत फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्या, नाहीतर त्याला ब्रेक व्हॅनमधल्या पेटीत टाका. सेकंड, थर्ड एसीत किंवा स्लीपरमध्ये परवानगीच नाही. गाडी करून आलात तरी लॉजवाला नाही म्हणतो आणि घरी आजीचं सोवळं. मग एक जण पुण्यातच थांबतो किंवा सगळेच येणं टाळतात. कुत्र्यापायी गाव तुटतं, हे मला तरी बरोबर वाटत नाही.

याला उत्तर आहे आपला आखाडा. शेतातल्या दोन खोल्या, पडवी, बोअरचं पाणी, झाडाखाली बाज. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरणही 2020 साली आलंय. स्विमिंग पूल वगैरे नकोच. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे पूल बांधणं ही चेष्टाच झाली. हुरड्याची आगटी पेटली की पाहुण्याला आणखी काय पाहिजे?

"शेतात तर कुत्री असतातच, आमच्याने काय बिघडतं?" असं कुत्रेवाले म्हणतील. बिघडतं ना! आखाड्यावरचं कुत्रं राखणीला असतं, त्याची हद्द ठरलेली असते. चाकूर तालुक्यातल्या जानवळची कारवानी कुत्री तर धावण्यासाठीच प्रसिद्ध. तुमचा ब्रुनो म्हणजे तिथे परका माणूस. नुकती व्यालेली देवणी किंवा लाल कंधारी गाय त्याला वासराजवळ बघेल तेव्हा "आमचा काही करत नाही हो" हे तिला कोण समजावणार? तो काही करत नसेल, गाय करेल!

इंग्लंडकडून घ्यायचं तर हे घ्या. तिथे 1953 पासून कायदा आहे: शेतातल्या गुराढोरांच्या मागे कुत्रं लागलं तर गुन्हा मालकाचा. आणि भाड्याच्या घरांत किती कुत्री चालतील, जादा पैसे किती, बेडवर चढू द्यायचं की नाही, हे बुकिंगच्या आधीच सांगितलेलं असतं. आपल्याकडे "या की, आपलंच घर आहे" म्हणायचं आणि मग आठ दिवस कुरकुर करायची. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट लिहून न घेता कोडिंग सुरू!

म्हणून नियम चारच. रेबीजची लस दिल्याचा कागद दाखवायचा. गोठा आणि कोंबड्यांच्या बाजूला साखळीशिवाय सोडायचं नाही. घाण मालकाने उचलायची, सालगड्याने नाही. आणि कुत्र्याचं भाडं वेगळं द्यायचं, नातेवाईक असलात तरी.

हा शेवटचा नियम सगळ्यात जड जाणार, मला माहीत आहे. आपल्या माणसाकडून पैसे कसे घ्यायचे? पण पैसे घेतले की शेतकऱ्याला नियम सांगायचा हक्क मिळतो आणि पाहुण्याला न लाजता पुन्हा यायचा. फुकटचा पाहुणा दुसऱ्या वर्षी येत नाही, त्याचं कुत्रं तर नाहीच.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला नांदेडकर जातातच. त्या देवाच्या पायाशीही कुत्रं असतं. देवाला चालतं, तर आपल्याला का चालू नये? फक्त साखळी आपल्या हातात असली म्हणजे झालं.