तारेचीही एक पतमर्यादा असते

घर घेताना ग्राहक फरशी, रंग, दारे-खिडक्या यांची पारख दहा वेळा करतो. पुढे मात्र न्हाणीघरात गीझर किंवा ओट्यापाशी मायक्रोवेव्ह आला, की ‘शेजारच्या बोर्डातूनच एक लाइन ओढा’ एवढ्या एका वाक्यात निर्णय होतो. तार कोणती, पेटी कोणती, हे कारागिराच्या पिशवीत काय शिल्लक आहे त्यावर ठरते. कुटुंबाच्या सुरक्षिततेशी निगडित असलेला निर्णय असा योगायोगावर सोपविणे योग्य नव्हे.

कर्ज मंजूर करताना परतफेडीची क्षमता पाहिली जाते. तद्वतच तारेचीही क्षमता पाहावयास हवी. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच तारेवर १,००० वॅटची इस्त्री व १,२०० वॅटचा मायक्रोवेव्ह चालू झाला, की प्रवाह १८ अँपिअरच्या पुढे जातो. दिवे-पंख्यांसाठी टाकलेल्या १ किंवा १.५ चौ.मि.मी. तारेला तो पेलवत नाही. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. आवरण हळूहळू कडक होते, तडकते आणि एके दिवशी ठिणगी पडते.

एमसीबी वारंवार पडू लागला, की अधिक अँपिअरचा बसविण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला घातक आहे. एमसीबी उपकरणाचे नव्हे, तर तारेचे रक्षण करतो. तार तीच ठेवून त्याची मर्यादा वाढविणे म्हणजे ऋणकोचे उत्पन्न न पाहता कर्जमर्यादा वाढविण्यासारखेच होय.

म्हणून जड उपकरणासाठी मुख्य वितरण पेटीपासून स्वतंत्र लाइन घ्यावी. गीझरच्या १६ अँपिअर सॉकेटला सामान्यतः २.५ आणि दीड टनाच्या वातानुकूलन यंत्राला ४ चौ.मि.मी. तांब्याची तार वापरतात. सोबत अर्थिंगची हिरवी तार अनिवार्य समजावी. भिंत फोडण्याचा खर्च नको असेल, तर पीव्हीसी पट्टीतून वरून नेलेली लाइनही चालते. काटकसर दिसण्यात करावी, तारेच्या जाडीत नव्हे.

पेटीचीही उपेक्षा होते. उथळ पेटीत तारा दाबून कोंबल्या, की जोड सैल होतात आणि सैल जोड तापतो. पेटी पुरेशी खोल असावी. लोखंडी असल्यास तिला अर्थिंग जोडावे. जोड टेप गुंडाळून गिलाव्यात पुरू नयेत. झाकण उघडता येईल अशा पेटीतच ते असावेत.

खरेदी करताना तारेवर आयएसआय चिन्ह व आयएस ६९४ हा मानक क्रमांक पाहावा. परवाना क्रमांकाची खातरजमा ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर करता येते. पक्के बिल घ्यावे. लाइन वाढविण्याचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, असे नियमही सांगतो. गळती ओळखून पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी घरात नसल्यास तेही याच वेळी बसवून घ्यावे.

काम झाल्यावर तारांच्या मार्गाचा साधा आराखडा काढून घराच्या कागदपत्रांसोबत जपावा. पुढे भिंतीत खिळा ठोकणाऱ्याचे प्राण तो वाचवू शकेल. घरासाठी वर्षानुवर्षे हप्ते भरणाऱ्याने त्या घराच्या भिंतीत काय दडले आहे, हेही जाणून घ्यावे.