लांब शब्दाचे हिज्जे

खारघरला टाटा मेमोरियलचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोगाचं केंद्र आहे. घरातलं कुणी तिथं उपचार घेत असलं की फाईल वाचायचं काम अनेकदा शाळकरी मुलाकडे येतं. ‘हिस्टोपॅथॉलॉजी’पाशी मूल अडतं, अम्मी-अब्बू त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. मग डॉक्टरांना विचारायचं ते राहूनच जातं.

खरं तर शब्द फोडून वाचायची सवय आपल्याला मकतबपासून आहे. कायदा शिकताना आपण आधी हिज्जे करतो, मग जोडून वाचतो. इथंही तसंच करू: हिस्-टो-प-थॉ-ल-जी. सहा तुकडे झाले. आता जोर कुठे? मराठीत आपण सगळे तुकडे जवळपास सारख्या जोरानं म्हणतो. इंग्रजीत एक तुकडा ठळक, जरा लांब, बाकीचे हलके.

दोन खुणा लक्षात ठेवू. शेवटी ‘लॉजी’ असेल तर जोर शेवटून तिसऱ्या तुकड्यावर: इथं ‘थॉ’, ऑन्-कॉ-ल-जीमध्ये ‘कॉ’. शेवटी ‘शन’ असेल तर जोर त्याच्या लगेच आधी: रे-डि-ए-शनमध्ये ‘ए’. बाय-ऑप्-सी मात्र या खुणांत बसत नाही. तिथं जोर पहिल्याच ‘बाय’वर. शंका आली तर इंग्रजी शब्दकोश उघडावा. उच्चार दाखवताना जोराच्या तुकड्याआधी बहुधा लहान उभी रेघ दिलेली असते.

आज रात्री फाईलमधला एक शब्द मुलांसोबत फोडून मोठ्यानं म्हणू या. शब्द तोंडात बसला की ‘डॉक्टर, याचा अर्थ काय?’ हे विचारायला जीभ अडत नाही.